पाण्याहून हलके पोलाद

कॅप्टन नेमो आणि त्याची नॉटिलस ही पाणबुडी बहुतेक शिक्षकांच्या परिचयाची असेल. ज्यूल्स व्हर्न या फ्रेंच लेखकाची ही कादंबरी १८६९-७० साली दोन भागांत पुस्तकरूपाने आली आणि १८७२च्या अखेरीस तिचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये निघाले. या भाषांतरात नेमो आपल्या पाणबुडीची रचना समजावून देताना सांगतो, की तिचे कवच ज्या पोलादी पत्र्यांचे बनवले आहे, त्यांची घनता पाण्याच्या ०.७ ते ०.८ पट आहे.

पाण्याहून हलके पोलाद! आठवी-नववीचा विद्यार्थीही येथे थबकेल. अशी पाणबुडी मुळात बुडणार कशी, असा प्रश्न तो विचारील आणि तो रास्तच असेल.

फ्रेंच आवृत्ती उघडली की उलगडा होतो. तेथे हा आकडा अक्षरांत दिला आहे : सात, आठ दशांश. म्हणजे सात पूर्णांक आठ दशांश, ७.८. पोलादाची सापेक्ष घनता तेवढीच असते. भाषांतर करणारे लुइस मर्सिअर हे पाद्री होते. त्यांनी मधल्या स्वल्पविरामाचा अर्थ 'सात ते आठ दशांश' असा घेतला. शिवाय मूळ मजकुराचा जवळजवळ पाव भाग त्यांनी गाळला, आणि गाळलेल्यात वैज्ञानिक तपशील पुष्कळ होता. हेच भाषांतर पुढे नव्वद वर्षे इंग्लंड-अमेरिकेत पुन्हापुन्हा छापले गेले. व्हर्न म्हणजे मुलांसाठी गमतीच्या साहसकथा लिहिणारा, विज्ञानात कच्चा लेखक, ही त्याची इंग्रजीतली ख्याती बऱ्याच अंशी अशा भाषांतरांनी घडवली. १९६५ साली वॉल्टर जेम्स मिलर या अमेरिकन प्राध्यापकांनी मूळ फ्रेंच पाठ्याशी ताडून हा सगळा घोटाळा वाचकांपुढे मांडला.

जुन्या कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवणे हा पैसेवाल्यांचा छंद आहे, असे आपल्याला वाटते. ते अगदीच खोटे नाही. पण लेखकाने मुळात काय लिहिले हे तपासायचे असेल, तर कोणीतरी ते जुने पुस्तक जपून ठेवलेले असावे लागते. म्हणून आम्ही या छंदाकडे एक शोधपद्धती म्हणून पाहणार आहोत. त्यासाठी व्हर्नइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

व्हर्नचा प्रकाशक प्येर-ज्यूल हेत्झेल याने १८६४ साली पॅरिसमध्ये शिक्षण आणि मनोरंजन अशा जोडनावाचे एक नियतकालिक सुरू केले. त्याचा सहसंपादक जाँ मासे हा अल्सास प्रांतातील बेब्लेनहाइम या गावी मुलींच्या शाळेत शिकवणारा शिक्षक होता. भाकरीचा एक घास तोंडात गेल्यापासून पुढे त्याचे काय होते, हे सांगणारे त्याचे शरीरविज्ञानाचे पुस्तक १८६१ साली निघून लोकप्रिय झाले होते. (विज्ञान शिक्षकांच्या मासिकात लिहिताना या गृहस्थाला ओलांडून पुढे जाणे आम्हाला जमले नाही.) व्हर्नच्या बहुतेक कादंबऱ्या या नियतकालिकात क्रमशः येत. मग त्यांचे लहान आकाराचे, चित्रे नसलेले पुस्तक तीन फ्रँकला निघे. त्यानंतर मोठ्या आकाराची सचित्र आवृत्ती येई. लाल किंवा निळ्या कापडी पुठ्ठ्यावर सोनेरी ठसे उठवलेले हे ग्रंथ नववर्षाची भेट म्हणून आणि शाळेतले बक्षीस म्हणून दिले जात.

म्हणजे एकाच कादंबरीचे तीन जन्म. यातली 'पहिली आवृत्ती' कोणती? काटेकोर संग्राहक तीन फ्रँकच्या साध्या पुस्तकाला हा मान देतो. पण बाजारात खरी ओढ असते ती सोनेरी पुठ्ठ्याच्या सचित्र ग्रंथांना. या पुठ्ठ्यांना संग्राहकांनी टोपणनावेही दिली आहेत. एका नक्षीचे नाव 'दोन हत्ती' असे आहे. आमच्या मते दिखाऊ पुस्तकापेक्षा साधे पुस्तक अधिक बोलके असते. पृथ्वीच्या पोटातील प्रवासाची कादंबरी पाहा. ती १८६४ साली प्रथम छापली गेली. १८६७च्या सचित्र आवृत्तीत तिच्यात दोन प्रकरणांएवढा नवा मजकूर आला. भूगर्भात सापडलेल्या मानवी अवशेषांवर प्राध्यापक महाशयांचे व्याख्यान आणि हत्तीसारख्या मास्टोडॉन प्राण्यांचा कळप राखणारा महाकाय मानव, ही सगळी भर नंतरची आहे. मधल्या काळात फ्रान्समध्ये प्रागैतिहासिक मानवाचा वाद पेटला होता. १८६३ साली मूलँ-कीन्याँ येथे सापडलेला मानवी जबडा खरा की कोणी मुद्दाम पुरलेला, यावर फ्रेंच आणि इंग्लिश शास्त्रज्ञांत चकमक झडली होती. आज आपण सर्रास १८६७ची आवृत्ती वाचतो आणि व्हर्नने हे सारे सुरुवातीलाच लिहिले असे समजतो. विज्ञानातली ताजी घडामोड कादंबरीत कधी शिरली, हे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

आता अडचण अशी, की हेत्झेलच्या सचित्र ग्रंथांवर बहुधा छपाईचे साल नसते. तीच आवृत्ती पंचवीस-तीस वर्षे पुन्हापुन्हा छापली जाई आणि प्रत्येक वेळी पुस्तक दिसायला जवळजवळ तसेच असे. मग हातातली प्रत १८८०ची की १८९५ची, हे ठरवायचे कसे? येथे संग्राहकांनी जी रीत बसवली, ती भूविज्ञान शिकवणाऱ्याला ओळखीची वाटेल.

सिरोंचाजवळच्या कोटा येथील चुनखडकात माशांचे जीवाश्म मिळतात. त्या खडकावर वय लिहिलेले नाही. ते त्यात अडकलेल्या जीवांवरून ठरवावे लागते. पुस्तकात जीवाश्मांचे काम करते ती प्रकाशकाची जाहिरातवजा यादी. हेत्झेल आपल्या ग्रंथांच्या शेवटी विक्रीच्या पुस्तकांची यादी बांधीत असे आणि दर वर्षी तिच्यात नव्या नावांची भर पडे. यादीत १८८० साली निघालेली कादंबरी असेल, तर ती प्रत १८८०पूर्वी बांधलेली असणे शक्य नाही. १८८२ची कादंबरी तिच्यात नसेल, तर प्रत बहुधा त्याआधीची. 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा. असलेली गोष्ट पक्का पुरावा देते, नसलेली गोष्ट फक्त संकेत देते. जीवाश्मांच्या बाबतीतही हेच खरे आहे.

यात आणखी एक गुंता आहे. छापील फर्मे गोदामात पडून राहत आणि मागणी येईल तसे बांधले जात. त्यामुळे आतला कागद एका वर्षाचा, यादी दुसऱ्या वर्षाची आणि पुठ्ठा तिसऱ्याच वर्षाचा, असे घडू शकते. अशा प्रतीचे वय कोणते? नियम सोपा आहे : कोणतीही वस्तू तिच्या सर्वांत नव्या भागापेक्षा जुनी असू शकत नाही. उत्खननातला थर त्यात सापडलेल्या सर्वांत नव्या नाण्यापेक्षा जुना नसतो, तसेच हे. फ्रान्समधील हौशी संग्राहकांनी अशा याद्या, पुठ्ठ्यांचे ठसे आणि मुद्रकांची नावे जुळवून तपशीलवार कोष्टके तयार केली. त्यांत पगारी संशोधक फार थोडे होते.

व्हर्न भारतात कधी आला नाही. पण त्याच्या कादंबऱ्या वारंवार येतात, आणि एक तर थेट आपल्या दारापाशी येते. ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत मुंबई ते कलकत्ता रेल्वे मध्येच संपलेली असते आणि फिलियस फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो. ही कथा १८७२ सालची. प्रत्यक्षात जबलपूरपाशी दोन्ही लोहमार्ग १८७० सालीच जोडले गेले होते. पुढे १८८० साली 'वाफेचे घर' ही कादंबरी आली. ती सुरू होते औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. १८६७च्या मार्चमधल्या एका संध्याकाळी नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास बक्षिसाची जाहिरात भिंतीवर लागते, आणि कथा वेरूळच्या लेण्यांतून सातपुड्यात शिरते. दुसरीकडे इंग्रज प्रवाशांची चाकांवरची दोन घरे ओढत एक वाफेचा पोलादी हत्ती कलकत्त्याहून निघतो आणि हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जाऊन अखेरीस जबलपूरच्या बाजूला पोचतो. नर्मदेच्या परिसरातले, सातपुड्याच्या दऱ्यांतले गोंड तीत येतात. पण ते युरोपीय प्रवासवर्णनांच्या साच्यातले आहेत. व्हर्नचा आधार होता लुई रुसले याच्या भारतप्रवासाच्या सचित्र ग्रंथाचा. चांद्याच्या गोंड राजांनी किल्ला आणि परकोट बांधले, तलाव खोदले, याची दखल त्या चित्रात कोठेच लागत नाही. याच सुमारास 'गोंडवन' हे नाव मात्र वेगळ्याच वाटेने जगभर निघाले होते. हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ साली ते आपल्या खडकांना दिले आणि एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ साली एका प्राचीन महाखंडाला.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर प्रकरण आहे ते नेमोचे. व्हर्नच्या मूळ कल्पनेतला नेमो हा पोलंडचा सरदार होता. रशियन सत्तेने त्याचे कुटुंब संपवलेले. रशियातला खप जाईल या धास्तीने हेत्झेलने ते मान्य केले नाही, आणि पहिल्या कादंबरीत नेमोचा देश गुप्तच राहिला. १८७४-७५ साली आलेल्या रहस्यमय बेटाच्या कादंबरीत उलगडा झाला : नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढलेला. फ्रेंच पुस्तकात इंग्रजी सत्तेविषयीचा त्याचा रोष स्पष्ट आहे. १८७५ साली किंग्स्टन यांच्या नावाने निघालेल्या इंग्रजी भाषांतरात मात्र हा भाग बदलला गेला. रोष बोथट केला, काही ठिकाणी अर्थच उलटा केला आणि उठावाचा दोष महत्त्वाकांक्षी संस्थानिकांवर टाकला. पोलादाची घनता चुकली ते अज्ञानाने. येथे मात्र हात मुद्दाम फिरवलेला आहे. ज्या देशातला नेमो, त्या देशातील वाचकांच्या हाती हीच इंग्रजी प्रत पडली.

तर मग पहिली फ्रेंच आवृत्ती हाती आली की सत्य सापडले, असे म्हणावे का? नाही. पिएरो गोंदोलो देल्ला रीवा हे इटलीतील तुरिनचे गृहस्थ तरुणपणापासून व्हर्नची पुस्तके, पत्रे, भित्तिपत्रके, खेळणी असे सारे जमवत गेले. हा संग्रह इतका वाढला, की २००० साली व्हर्नच्या आमियाँ शहराने तो विकत घेतला. १९७०च्या दशकात त्यांना हेत्झेलच्या वारसांकडे काही हस्तलिखितांच्या टंकलिखित नकला आढळल्या. व्हर्न १९०५ साली वारला, आणि त्यानंतर त्याच्या नावाने निघालेल्या कादंबऱ्यांचे हे मूळ रूप होते. छापील पुस्तकांशी ते ताडून पाहता दिसले, की व्हर्नचा मुलगा मिशेल याने मजकुरात मोठे फेरफार केले होते. १९०८ साली निघालेल्या सोन्याच्या उल्केच्या कादंबरीत उल्केला आपल्या यंत्राने पृथ्वीकडे खेचणारा एक विक्षिप्त शास्त्रज्ञ आहे. वाचकांना तो फार आवडे. व्हर्नच्या वैज्ञानिक कल्पनाशक्तीचा नमुना म्हणून त्याचा दाखला दिला जाई. तो शास्त्रज्ञ आणि त्याचे यंत्र, दोन्ही मुलाने घातलेली! या बाबतीत पहिली आवृत्तीच बनावट म्हणावी लागते. हे उघड झाले ते प्रती जमवणाऱ्या माणसाने कागदही जमवले म्हणून.

आता मराठीकडे वळू. कृष्णाजी नारायण आठल्ये कोचीनहून 'केरळ कोकिळ' हे मासिक चालवीत. व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूपांतर १९००च्या सुमारास त्यात क्रमशः आले. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगताना सुरुवातीला हेच नाव घेतले जाते. नंतरच्या पिढीला भा. रा. भागवतांनी 'मुक्काम शेंडेनक्षत्र'सारख्या पुस्तकांतून व्हर्नची गोडी लावली. मराठी वाचकाला व्हर्न सामान्यतः इंग्रजीच्या वाटेने मिळाला. तेव्हा कोणत्या मराठी पुस्तकात पोलाद पाण्याहून हलके आहे आणि कोणत्या नेमोचा आवाज मवाळ झाला आहे, हा तपासण्यासारखा प्रश्न आहे. शाळेतल्या दोन-चार विद्यार्थ्यांनाही तो सोडवता येईल. मूळ फ्रेंच ग्रंथ पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर पाहण्यास खुले केले आहेत. फ्रेंच येत नसले तरी नॉटिलसचे प्रकरण शोधून तो आकडा पाहता येतो. अडते ते मराठी बाजूला. मुलांची पुस्तके वाचून वाचून फाटतात, आणि फाटलेले पुस्तक रद्दीत जाते. फ्रान्समध्ये बक्षिसाचा सोनेरी ग्रंथ कपाटात जपला गेला; आपल्याकडचे आठ-बारा आण्यांचे पुस्तक दहा हातांत फिरून संपले. वाचनाच्या दृष्टीने ते भाग्याचेच, पण इतिहासाला त्याची किंमत मोजावी लागली आहे.

मराठीत जुन्या ग्रंथांची कदर मुळीच झाली नाही असे नाही. साधारण १८६७पर्यंतच्या छापील पुस्तकांना आपण दोलामुद्रिते म्हणतो, म्हणजे मुद्रणकला पाळण्यात असतानाची पुस्तके. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने ती निगुतीने सांभाळली आहेत. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. आजही प्रत्येक अभ्यासकाचा हात प्रथम तिच्याकडे जातो. अ. का. प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणाचा इतिहास लिहिला. बाबा पद्मनजींचे १८५७चे 'यमुनापर्यटन' आज नीट माहीत आहे, ते अशा मंडळींमुळे. राज्य मराठी विकास संस्थेने अनेक दुर्मिळ ग्रंथांच्या संगणकीय प्रतीही उपलब्ध केल्या आहेत. पण दोलामुद्रितांना जो मान मिळाला, तो १९०० ते १९५०च्या पुस्तकांना मिळाला नाही. ती 'फार जुनी' नाहीत. आणि कागदाच्या दृष्टीने नेमकी हीच पुस्तके सर्वांत आजारी आहेत.

हे विधान उलटे वाटेल, पण त्याचे कारण रासायनिक आहे. चिंध्यांपासून हाताने बनवलेला जुना कागद शतकानुशतके टिकतो. १८०७ साली मोरित्स इलिग या जर्मन कागदनिर्मात्याने कागदावर शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी वापरण्याची युक्ती काढली. १८४४ साली फ्रीड्रिख केलर याने लाकूड दगडावर घासून लगदा करण्याचे तंत्र शोधले. कागद स्वस्त झाला. वर्तमानपत्रे, शालेय पुस्तके आणि कादंबऱ्या घरोघर गेल्या. पण तुरटीमुळे कागदात आम्ल राहते. ते सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत जाते, आणि कागद घडीवर मोडू लागतो. लाकडातले लिग्निन उजेडाने पिवळे पडते आणि त्याच्या विघटनातूनही आम्ल तयार होते. विल्यम बॅरो यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुस्तके तपासली. त्यांतील बहुसंख्य पुस्तकांचा कागद फार काळ टिकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आमच्या जिल्ह्यांना कागद नवा नाही. १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीची बल्लारपूरची पेपर मिल आमच्याच जंगलातल्या बांबूवर उभी राहिली. आमच्या पिढीच्या कितीतरी वह्या-पुस्तकांत ताडोबा-भामरागडकडचा बांबू असेल! बांबूचा लगदा रसायनांत शिजवून करतात. त्यात लिग्निन बरेचसे निघून जाते, म्हणून तो वर्तमानपत्री कागदापेक्षा टिकाऊ. पण राळ-तुरटीची प्रक्रिया असेल तर आम्ल त्यातही राहतेच.

त्यात चंद्रपूरचा उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा अभिक्रियांचा वेग ढोबळ मानाने दुप्पट होतो. पॅरिसचे वर्षभराचे सरासरी तापमान १२ अंशांच्या आसपास, चंद्रपूरचे २७च्या आसपास. म्हणजे एकाच दिवशी छापलेली एकाच कागदाची दोन पुस्तके घेतली, तर चंद्रपूरचे पुस्तक पॅरिसच्या पुस्तकापेक्षा अडीच-तीन पट वेगाने म्हातारे होईल. मेमध्ये पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यातली ओल, वाळवी आणि कसर यांचा हिशेब यात धरलेला नाही.

शाळेच्या ग्रंथालयात जुने कपाट असेल, तर त्यातल्या पुस्तकांच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली म्हणजे फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद कागदात उतरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. दुसरी गोष्ट बाईंडिंगची. बाईंडरकडे दिले, की तो मूळ मुखपृष्ठ आणि मागची जाहिरातीची पाने काढून टाकतो, कडा कापतो आणि जाड काळा पुठ्ठा लावून देतो. पुस्तक धडधाकट दिसते, पण वर आपण पाहिलेला तारखेचा सारा पुरावा त्या कातरकामात गेलेला असतो. जाहिरातीचे पान, किमतीचा शिक्का, मुद्रकाचे नाव, प्रस्तावनेखालची मिती हे सारे ठेवायचे. पुस्तक मोडकळीस आले असेल तर सुती फितीने हलके बांधून जाड स्वच्छ कागदात गुंडाळावे. आणि नोंदवहीत केवळ नाव न लिहिता आवृत्ती, साल आणि छापखाना लिहावा. मुलांना हे काम आवडते. 'सर्वांत नव्या भागाचा नियम' लावून साल नसलेल्या पुस्तकाचे वय काढण्याची स्पर्धाही घेता येईल.

कागदाचे म्हातारपण वर्गात पाहायचे असेल, तर एप्रिलमध्ये पुढील प्रयोग करावा. वर्तमानपत्राची एक पट्टी आणि चांगल्या वहीच्या कागदाची तेवढीच पट्टी घ्यावी. दोन्ही अर्ध्यापर्यंत काळ्या कागदाने झाकून दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेला आतून लावाव्यात आणि पंधरा दिवस तशाच ठेवाव्यात. मग झाकण काढून रंग पाहावा. त्यानंतर चारही तुकडे एकाच ठिकाणी पुढे-मागे घडी घालत मोडेपर्यंत मोजावेत, प्रत्येकाच्या निदान पाच पट्ट्या घेऊन सरासरी काढावी. प्रत्येक घडीवर बोटाचा दाब सारखाच पडावा म्हणून एकाच विद्यार्थ्याने सगळ्या घड्या घालाव्यात. कोणती पट्टी कोणती, हे त्याला आधी सांगू नये.